ओळख असेल त्याला मत नाही

आमच्या गटाची सुरुवात परोपकाराच्या भावनेतून झाली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. ती कपाटात जागा उरली नाही म्हणून झाली. कोलकात्यातली आम्ही मराठी माणसं बहुतेक बदलीची. कुणाचा नवरा बँकेत, कुणी स्वतः केंद्र सरकारच्या कचेरीत, आणि अलीकडे न्यू टाउनच्या कंपन्यांत आलेली तरुण जोडपी. पण संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही कुठेही गेलो तरी सोडत नाही. घरोघरी वाण म्हणून चहाची गाळणी, प्लास्टिकचा डबा, साबणदाणी असं काहीतरी हातात पडतं, आणि बदली झाली की सामानाच्या खोक्यांतून त्या गाळण्या आमच्याबरोबर गावोगाव हिंडतात. एका संक्रांतीला मी वैतागून म्हटलं, यंदा मला वाण देऊ नका, ते पैसे कुठल्यातरी चांगल्या कामाला द्या. मी ते रागाने म्हटलं होतं. बायकांनी ते मनावर घेतलं.

तेव्हापासून वाणाचे पैसे एकत्र करून दर संक्रांतीला इथल्याच एका संस्थेला द्यायचे असं ठरलं. पुढे नवरे मंडळीही सामील झाली, रक्कम बरी जमू लागली, आणि रक्कम बरी जमली की मागोमाग नियम येतात. आमचे नियम ताईंनी केले. ताई विमा कंपनीत तपासणी विभागात मोठ्या हुद्द्यावर आहेत. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांची उभी नोकरी गेली आहे आणि ती विद्या त्या घरीही वापरतात. एका घराला एक मत. संस्थेत ज्याची ओळख असेल त्याला त्या वर्षी मत नाही. आणि ओळखीच्या माणसाने संस्थेची शिफारस करणारा एक शब्द जरी काढला, तर ती संस्थाच बाद.

हा शेवटचा नियम झाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. मला बोलायला आवडतं हे मी नाकारत नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी दोन संस्था शेवटच्या फेरीत आल्या. एक सॉल्ट लेकच्या पलीकडचं शिवणकेंद्र. त्यांना बायकांसाठी नवी मशिनं हवी होती. काम स्वच्छ, कागदपत्रं व्यवस्थित, नाव ठेवायला जागा नाही. दुसरी संस्था भवानीपूरच्या एका जुन्या घराच्या तळमजल्यावरची. तिथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारी आणतात, चहा-खाणं, गप्पा, वर्तमानपत्र वाचून दाखवणं, पत्ते, लुडो असं सगळं चालतं आणि संध्याकाळी घरी सोडतात. त्यांची गाडी मोडीत निघाली होती. भाड्याची गाडी जानेवारीअखेरपर्यंत चालणार होती, पुढची सोय नव्हती. ही संस्था ताईंच्याच एका सहकाऱ्याने सुचवली होती. नाव ऐकलं आणि मी दचकले, कारण त्या गाडीतून रोज दुपारी आमच्या माशीमा जायच्या.

माशीमा म्हणजे बंगालीत मावशी; या बालीगंजला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. ऐंशीच्या पुढच्या, गुडघे पार गेलेले, मुलगा कॅनडात. मी पहिल्यांदा दारात गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं की मराठी माणसं मासे खातात का, आणि मी नाही म्हटल्यावर माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं होतं. त्या बंगालीत बोलतात, मी हिंदीत बंगाली कालवून उत्तर देते, आणि आमचं एकमेकींवाचून अडतं. त्यांना त्या दुपारच्या घरी एक मैत्रीण भेटली होती. नवी नव्हे, शाळेतली. एका बाकावर बसायच्या, मग लग्नं झाली, घरं बदलली, ओळख पुसली गेली, आणि म्हातारपणी भवानीपूरच्या त्या खोलीत लुडोच्या पटावर दोघी समोरासमोर आल्या. मैत्रीण टॉलीगंजला राहायची. तिला दिसायचं कमी, यांना चालता येत नाही. गाडी बंद झाली तर दोघी एकाच शहरात राहून पुन्हा भेटणार नव्हत्या. माशीमा ते हसत सांगायच्या, "आता डाव वरती जाऊन पुरा करू." मला त्या हसण्याचा राग यायचा.

तर मी बैठकीत हात वर करून ओळख जाहीर केली आणि माझं मत गेलं. आमचे हे घरी येऊन म्हणाले, "माझंही मत गेलं की, एका घराला एक." मी म्हटलं, मग माशीमांशी बोलणं बंद करा, मत परत मिळतंय का बघा. ते त्यांच्याकडे रोज सकाळी वर्तमानपत्राच्या निमित्ताने चहा पितात, तेव्हा विषय तिथेच संपला.

डिसेंबरात पाहणी करायला ताई आणि आणखी चौघीजणी भवानीपूरला जाणार होत्या. आदल्या दिवशी माशीमांनी मला हाक मारली, हातात पैसे ठेवले आणि नव्या गुळाचे संदेश, ती छेन्याची मिठाई, आणायला सांगितले. साध्या दुकानातले नकोत, अमुकच दुकानातले हवेत, आणि सकाळी लवकर जा, नाहीतर संपतात. मी म्हटलं, "माशीमा, कशाला? त्या फक्त बघायला येणार आहेत." त्या म्हणाल्या, "तुमच्या देशात पाहुण्याला कोरडं पाठवतात का?" त्यांनी पेन्शनमधले पैसे काढले होते. मैत्रिणीने सामोशांचं अंगावर घेतलं होतं. बाकीच्या म्हाताऱ्यांनीही काही ना काही आणायचं कबूल केलं होतं. मी रांगेत उभी राहून संदेश आणले. ते आणणं शिफारशीत मोडतं का, हे मी ताईंना मुद्दामच विचारलं नाही.

त्या संध्याकाळी गाडी आली तशा माशीमा घरात न जाता जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसल्या. चेहरा उतरलेला. "तुमच्या बायकांना आम्ही आवडलो नाही," त्या म्हणाल्या. "कुणी काही खाल्लं नाही. सगळ्या नको नको म्हणत होत्या. एकीने संदेशाचा कोपरा मोडला आणि बशी खाली ठेवली."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "माशीमा, किती वेळा आग्रह केलात?"

"दोनदा. नको म्हणणाऱ्या माणसाला किती वेळा विचारायचं?"

मी त्यांना समजावलं की आमच्याकडे पहिलं नको हे रीत म्हणून असतं, दुसरं नको हे घरचे संस्कार दिसावेत म्हणून असतं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग माणूस "बरं, तुमचा मान म्हणून" म्हणत दोन उचलतो. त्या पाचजणी तिसऱ्या आग्रहाची वाट बघत उपाशी परत आल्या असणार. माशीमांनी कपाळावर हात मारून घेतला. पण मग त्यांनी पुढचं सांगितलं. पाहुण्यांनी काही खाल्लं नाही म्हणून म्हाताऱ्या घाबरल्या होत्या, आणि निघताना त्यांनी आपापले घरचे स्टीलचे डबे रिकामे करून त्यात सगळं भरून एकेकीच्या हातात कोंबलं होतं. डबा हातात कोंबला की मात्र आपली माणसं नको म्हणत नाहीत. तो घरी गेल्यावर उघडता येतो.

दोन दिवसांनी ताईंनी अहवाल सांगितला, तो ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिवणकेंद्रात कोरा चहा मिळाला होता, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. भवानीपूरला मात्र, "ज्यांना गाडीचं भाडं परवडत नाही, त्यांनी पाहुण्यांवर एवढा खर्च करावा हे मला पटलेलं नाही." वर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची ओळख आहे, तुम्ही काही बोलायचं नाही." मी जीभ दातांखाली धरली. एक वाक्य सांगितलं असतं तर पुरलं असतं, आणि त्याच वाक्याने माशीमांची गाडी कायमची बंद झाली असती. आयुष्यात एवढा वेळ मी कधी गप्प बसले नव्हते. घरी येऊन मी कणीक इतकी तिंबली की पोळ्या फार मऊ झाल्या, आणि यांनी नेमकं तेवढंच कौतुक केलं.

पण पाच डबे पाच मराठी घरांत गेले होते. मराठी बाईच्या ओट्यावर दुसऱ्याचा डबा असला की तिला चैन पडत नाही. आणि तो रिकामा परत करायचा नाही, हे तर कुणी शिकवावंही लागत नाही. आत चार दाणे साखरेचे तरी हवेतच. मी कुणाला काहीही सुचवलं नाही. मला सुचवायची परवानगीच नव्हती. पहिली गेली ती चिवडा घेऊन. डबा कुणाचा ते माहीत नव्हतं, म्हणून आत जाऊन विचारावं लागलं. ज्यांचा होता त्या आजींनी तिला बसवलं, चिवडा तिथेच सगळ्यांत वाटला, आणि डब्यात नारळाचे लाडू भरून डबा पुन्हा तिच्या हातात दिला. म्हणजे तो पुन्हा परत करणं आलं. दुसरी गेली ती शंकरपाळे घेऊन, आणि सोबतीला शेजारच्या वहिनींना घेऊन गेली. त्या वहिनींनाही येताना डबा मिळाला.

मला हे सगळं माशीमांकडून कळायचं. आज कोण आली, काय आणलं, कुणी किती वेळ बसली, सगळं त्या गाडीतून उतरताच सांगायच्या. चकलीवर त्यांचा आक्षेप होता, कारण तिथे बहुतेकांच्या दातांचा प्रश्न. साटोरी मात्र पसंत पडली. एक दिवस म्हणाल्या, "आज ती रागीट आली होती. चष्मेवाली. गुळाच्या पोळ्या आणल्या." ताईच. मी घाईने विचारलं, मग? "मग काय, लुडो खेळायला बसवलं. हरली. उद्या परत येते म्हणाली." गाडीची पुढची काही सोय झाली का, असं मी विचारलं तेव्हा माशीमांनी मांडीवरच्या शालीकडे बोट दाखवलं. जानेवारी निम्मा होत आला होता. मैत्रिणीने आपल्या शालींतली एक शाल त्यांना देऊन टाकली होती, आठवण म्हणून. ती शाल त्यांनी अंगावर घेतली नव्हती, घडी करून मांडीवर ठेवली होती. मला ते बघवलं नाही आणि मी काहीतरी कामाचं निमित्त काढून वर निघून आले.

संक्रांतीच्या रविवारी सॉल्ट लेकला ताईंच्या घरी बैठक झाली. आधी हळदीकुंकू, तिळगूळ, मग कामकाज. ताई चष्मा लावून उभ्या राहिल्या. शिवणकेंद्रात कुणाची ओळख आहे का? कुणाची नव्हती. भवानीपूरच्या संस्थेत कुणाची ओळख आहे का? मी हात वर केला. मला एकटीचाच हात वर दिसेल असं वाटलं होतं. पण चिवडेवालीने हात वर केला. मग शंकरपाळेवालीने. मग तिच्या शेजारच्या वहिनींनी. एक हात वर जायचा, मागे बसलेला नवरा कपाळाला हात लावायचा, कारण त्याचंही मत गेलं. बेळगावकडच्या एक काकू इतकं दबक्या आवाजात म्हणाल्या की सगळ्यांना ऐकू आलं, "मी दोनदाच गेले हो, पण त्या मला नावाने हाक मारतात." हात वरच राहिले. ताईंनी मान फिरवून सगळी खोली बघितली. मग स्वतःचा हात वर केला.

आता मत उरलं ते एकाच घराचं. न्यू टाउनहून आलेलं एक नवं जोडपं होतं, दिवाळीनंतर कोलकात्यात आलेलं. ती मुलगी माझ्या भाचीच्या वयाची, आणि मला काकू म्हणते, ते मी अजून पुरतं माफ केलेलं नाही. एका नवऱ्याने विचारलं, "कोरमचं काय?" ताई म्हणाल्या, "कोरमचा नियम आपण केलेला नाही." सगळी खोली त्या मुलीकडे बघायला लागली, आणि तोंड कुणालाच उघडता येत नव्हतं. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. त्याने तिळगुळाच्या वाटीकडे बघितलं.

"मी एकदा तिकडे जाऊन येऊ का?" ती म्हणाली.

"गेलीस तर डबा मिळेल," चिवडेवाली म्हणाली, "आणि तुझंही मत जाईल." हसण्याचा एवढा मोठा फवारा उडाला की ताईंना टेबलावर वाटी आपटावी लागली.

हसणं थांबल्यावर त्या मुलीने विचारलं, "मला एकच कळत नाही. डबे तर गाडीच्या ड्रायव्हरकडे देऊन पाठवता आले असते. तुम्ही सगळ्याजणी स्वतः कशाला गेलात? आणि परत परत?"

सगळ्यांच्या नजरा ताईंकडे वळल्या. ताई म्हणाल्या, "हा माहितीचा प्रश्न आहे, शिफारस नाही. उत्तर द्यायला हरकत नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि स्वतःच उत्तर दिलं.

"माझे बाबा नाशिकला एकटे असतात," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी जेवण झालं की मला फोन करतात. मी ऑफिसात असते. काय बाबा, म्हटलं की म्हणतात, काही नाही, सहज केला. मी म्हणते, मग संध्याकाळी बोलू. भवानीपूरला पहिल्यांदा गेले तेव्हा बाबांसारखीच भर दुपारी जागी असलेली ती सगळी माणसं बघितली आणि मला तिथे बसवेना. म्हणून मी गोडाचं कारण काढून गुण कापले. ते संदेश त्या बायकांनी स्वतःच्या पैशांनी आणले होते, हे मला नंतर कळलं. पण ते माहीत असतं तरी मी दुसरं कारण काढलं असतं. मग डबा परत द्यायला गेले आणि दोन तास बसले. त्या दिवशी मी बाबांना आपणहून फोन केला. मी का जाते, तर मला तिथे बरं वाटतं. बाकी तुझं मत तू दे."

खोलीत सगळ्यांचीच माणसं कुठे ना कुठे होती. सांगलीला, अकोल्याला, डोंबिवलीला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. शेजारच्या वहिनींनी मला पदर दिला, मग तो स्वतःलाच लागला म्हणून परत घेतला.

ती मुलगी नवऱ्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. मग म्हणाली, "आम्ही खरं तर शिवणकेंद्राला द्यायचं ठरवून आलो होतो. ते पुढच्या वर्षी पहिलं घ्यायचं असं आत्ता ठरवता येईल का?" ताईंनी सगळ्यांकडे बघितलं, कुणाची ना नव्हती. "मग यंदा गाडी," ती म्हणाली. त्यानंतर ती मला काकू म्हणाली तरी चालेल असं मला दिवसभर वाटत होतं.

रात्रीपर्यंत माझ्याने राहवणार नव्हतं. बालीगंजला उतरताच मी थेट माशीमांच्या दारात गेले आणि सांगितलं. त्यांनी आधी दोनदा विचारलं, खरं का? मग विचारलं, "तू कुणाला मत दिलंस?" मी म्हटलं, मला मतच नव्हतं. त्या भयंकर चिडल्या. "एवढे संदेश आणलेस, रांगेत उभी राहिलीस, आणि तुला मत नाही? कुणी केला हा नियम?" रागीट चष्मेवालीने, असं मी म्हटल्यावर त्या थोडा वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "तरीच लुडोत फसवता येत नाही तिला." मग त्यांनी मोलकरणीला हाक मारून टॉलीगंजला मैत्रिणीला फोन लावायला आणि दुसऱ्या दिवसासाठी निळ्या काठाची साडी काढायला सांगितली, आणि माझ्याकडे बघून एकदम माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात गार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना धरून खाली उतरवायला गेले. एरवी आमच्या गेटशी येते ती गाडी रिकामी येते. टॉलीगंजकडच्या माणसांना आधी भवानीपूरला सोडून मग ती आमच्याकडे वळते. त्या दिवशी मागच्या सीटवर जाड चष्म्याच्या एक बाई खिडकीला टेकून बसल्या होत्या. ड्रायव्हर वैतागून हिंदीत म्हणाला, "या भवानीपूरला उतरल्याच नाहीत. म्हणतात, आता गाडी आपली आहे, मी तिला घ्यायला येणार. रोज येणार म्हणतात."

माशीमांना मी आधार देऊन चढवलं. त्यांनी मैत्रिणीशेजारी बसल्या बसल्या, नमस्कार नाही, कशी आहेस नाही, सरळ मागच्या डावातली तिची एक सोंगटी चुकीच्या घरात होती असा वाद उकरून काढला. मैत्रीण त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात तो नाकारत होती. मी दार लावलं, काचेवर टकटक केलं, हात हलवला. दोघींपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी माशीमांनी मागे वळून बघितलं नाही, आणि मला फार, फार बरं वाटलं.